देवळाचं चित्र काढताना काय गाळायचं, काय ठेवायचं?

प्रश्न : सर नमस्कार. माझ्या मुलीनं शाळेच्या स्पर्धेसाठी इथं जवळच्या हलशी गावात बसून भूवराह नरसिंह देवळाचं चित्र काढलं, लाइटच्या तारा, बाहेर लावलेली मोटरसायकल, सगळं जसं दिसलं तसं. एका शिक्षकांनी सांगितलं तारा काढून टाक, मागं डोंगर आणि सूर्य दाखव, शिखर थोडं उंच कर म्हणजे चित्र उठून दिसेल. तिनं केलं तसं, पण आता तिलाच ते आवडेना झालंय. बरोबर कोण म्हणायचं?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, मुलीला आवडेना झालंय म्हणजे तिची नजर चांगली आहे, आधी हे तिला सांगा.

तारांचं मला फारसं काही वाटत नाही, ठेवल्या तर आजचं हलशी दिसतं, गाळल्या तर देऊळ मोकळं दिसतं, दोन्ही चालतं. मोटरसायकल तर मी ठेवली असती, शेजारी माणूस किंवा गाडी असली की देऊळ केवढं आहे ते बघणाऱ्याला लगेच कळतं. पण शिखर उंच करायचं हे मला अजिबात पटलेलं नाही. कदंब राजांच्या काळातल्या अशा शिखराची ओळखच ही की एकावर एक आडवे थर, पायरी-पायरीनं आत येत वर निमुळतं होत जातात, ते ओढून उंच केलं की थर विरळ होतात आणि मग ते कुठल्याही कॅलेंडरवरचं देऊळ होतं, हलशीचं राहत नाही. तिला परत घेऊन जा आणि आधी थर मोजायला सांगा, खालच्या थराची रुंदी पेन्सिलीनं मापून वरच्याशी ताडायला सांगा. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत तेही बघू दे, बाहेरून बांधणी तशी का दिसते ते आतूनच कळतं.

मोठे चित्रकारसुद्धा बदल करायचेच की. इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम 1786 ला भारतात आले, पुढं 1795 ते 1808 मध्ये त्यांची 144 चित्रं छापून निघाली. बाह्यरेषा नीट याव्यात म्हणून ते कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर पाडणारी पेटी, वापरायचे, आणि झाडं, माणसं, ढग मात्र चित्र सजेल असे मांडायचे. म्हणजे मोकळीक सगळी भोवतालात, इमारतीच्या मापात नाही. आणि सूर्यच दाखवायचा असेल तर तो दगडावर दाखवा. फ्रेंच चित्रकार मोनेनं 1892 पासून फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, 30 हून जास्त चित्रं काढली, इमारत तीच, बदलला तो उजेड. आपल्याकडं तर पावसाळ्यात दगड भिजून काळा पडतो, सांदीत शेवाळ धरतं, तेच देऊळ उन्हाळ्यात बघा, रंग पूर्ण वेगळा. सुट्टीत हे दोन्ही करायला लावा तिला.

प्रश्न : मी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे तिथल्या जैन मंदिराचे, मोबाइलवर फोटो काढून घरी पेन-इंकमध्ये चित्र करतो, पण खांब नेहमी कललेले येतात. माझा हात चुकतोय का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : हात नाही, मोबाइल. फोन वर तिरका धरला की उभे खांब वर जाताना एकमेकांकडं कलतात, आणि जवळून वाइड लेन्सनं काढला तर कडेचे खांब उगाच फुगतात. फोन सरळ उभा धरा, होईल तेवढं मागं सरका, आणि मुख्य म्हणजे तिथंच दहा-पंधरा मिनिटं पेन्सिलीनं कच्चं स्केच करा. फोटो नंतर नक्षीसाठी वापरा. रट्ट राजाचा मंत्री बिचिराजा यानं 1204 मध्ये बांधवलेल्या या बस्तीतलं छताचं कमळ 72 पाकळ्यांचं आहे, ते पाकळी-पाकळीनं सुरू केलंत तर शेवटची पाकळी बसणारच नाही. आधी मध्यबिंदू, मग वर्तुळं, मग 24 भाग, प्रत्येकात 3 पाकळ्या.

इमारतींच्या चित्रांत चित्रकार रवी परांजपेंचं काम जरूर बघा, आपल्या बेळगावचेच, इथले चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांकडं शिकलेले. अजून बांधायची असलेली इमारत नुसत्या प्लॅनवरून ते अशी उभी करायचे की तिथं ऊन पडलंय असं वाटावं, आणि त्याच्या मुळाशी पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं मापात दाखवणं, पक्कं होतं.

किल्ल्यात लष्कराचीही हद्द आहे, स्टँड मांडून बसायचं असेल तर आधी विचारून घ्या.