पुन्हा निघालेला जुना ऑप्टिमस प्राइम ('ट्रान्सफॉर्मर्स'मधलं, ट्रकचा रोबो होणारं खेळणं) महाग होत चाललाय, आत्ताच घ्यावा का थांबावं?

कपाटात मांडायला, हाताळायला हवा असेल तर घ्या. चार वर्षांनी दुप्पट भावाने विकायचा म्हणून घेत असाल तर अजिबात घेऊ नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डाय-मोल्ड, म्हणजे साचे, बनवण्यात माझी हयात गेली, आणि याच विषयावरून आमच्या दाजींशी माझं चांगलंच वाजलेलं आहे.

भाऊबीजेला दाजी हाच रोबो घेऊन आले. खोकं सीलबंद. भाच्यानं हात लावला तर ओरडले, "सील फुटलं की किंमत निम्मी!" ऐन सणात पोरगं रडत बसलं. मी म्हटलं, दाजी, ज्याचा साचा शाबूत आहे ती वस्तू दुर्मिळ कशी होईल? तर म्हणाले, "तुला लोखंड कळतं, मार्केट नाही कळत."

लोखंड कळतं म्हणूनच बोलतोय. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं ऑप्टिमस १९८४ ला आणला, पण साचा मूळचा जपानच्या ताकारा कंपनीचा, त्यांच्या डायक्लोन नावाच्या खेळण्यांच्या मालिकेतला. पोलादी मोल्ड तेल लावून नीट ठेवला तर वर्षानुवर्षं माल देतो. कडा झिजल्या की जोडावर फ्लॅश, म्हणजे मालाची जादा पातळ कड, येतो, तोही वेल्डिंग भरून, घासून दुरुस्त करता येतो. २००२ ला अमेरिकेत हा पुन्हा निघाला तेव्हा सुरक्षेच्या नियमांपायी त्याच्या ट्रकची धुराडी आखूड केली होती. म्हणजे माल परत काढता येतो आणि हवा तसा बदलताही येतो. २०२४ ला तर ताकारा टोमीनं (ताकाराचंच आताचं नाव) 'मिसिंग लिंक' नावानं रूप तेच ठेवून हातपाय नीट वळणारा नवाच काढला. मग आधीची खोकी सीलबंद ठेवून बसलेल्यानं काय कमावलं?

आपल्याकडची भाववाढ म्हणजे सगळी मागणीच असंही नाही. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० ला २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ ला ७० वर. ते तुमच्या बिलात येतं आणि विकताना कुणी भरून देत नाही. दाजींनी हा हिशेब कधी मांडलाच नाही. खेळणं पोराच्या हातात द्यायचं नसेल तर सोनं घ्यावं, गुजरीत दुकानं काय कमी आहेत?

हां, १९८४ चाच अस्सल नग, खोकं, कागद, स्टिकर सगळं जागच्या जागी, असा मिळत असेल तर गोष्ट वेगळी. त्याला खरंच मोल आहे, त्यात मी पडत नाही. आणि नकली माल भरपूर फिरतो. फोटोवर जाऊ नका, सांधे ढिले आहेत का आणि क्रोम सोललंय का ते हातात घेऊन बघा.

थांबायचं म्हणाल तर नवी खेप जाहीर होईपर्यंत थांबा. ती आली की जुनी खेप धरून बसलेले बहुतेक वेळा भाव उतरवतात.