स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या २ लिटर टर्बो इंजिनासाठी हलके आणि मजबूत कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) कोणते? टायटॅनियम घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ट्रॅक डेला वापरायची आहे, मोठा टर्बो टाकून साडेचारशे हॉर्सपॉवर काढायची आहे, रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) ८००० आरपीएमपर्यंत न्यायची आहे आणि "जितका हलका रॉड तितकं चांगलं" असं कोणीतरी सांगितलंय. मी इंजिन बांधायच्या कामातच आहे म्हणून सरळ सांगतो, तुमच्या इंजिनाला हलक्या रॉडची फारशी गरज नाहीये, मजबूत रॉडची आहे, आणि त्याहून जास्त चांगल्या बोल्टची.

जरा आकडेमोड करू म्हणजे कोणाच्या सांगण्यावर जायला नको. तुमचा स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव) ९२.८ मिमी, रॉडची लांबी १४४ मिमी. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचं वरचं टोक धरून वरखाली होणारं वजन समजा ६०० ग्रॅम. ६५०० आरपीएमला पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत फिरतो तेव्हा रॉडवर साधारण पावणेदोन टन ओढ येते. ८००० ला तीच सव्वादोन-अडीच नाही, २.६ टनांच्या वर जाते, कारण ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, दीडपट काम झालं. ही ओढ सगळ्यात वाईट कधी, तर एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना, तेव्हा वरून दाबणारा गॅस नसतो आणि सगळा भार रॉडच्या खालच्या, क्रँकला धरणाऱ्या टोकाच्या (बिग एन्डच्या) कॅपच्या दोन बोल्टवर. हायरेव्हिंग इंजिन फुटतात ती बहुतेक इथेच.

आता दुसरी बाजू बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२.५ मिमी, सिलिंडरमध्ये १२० बार प्रेशर धरलं (मोठ्या टर्बोवर हे काही फार नाही) तर पिस्टनवर साडेसहा टन दाब. ओढीच्या अडीचपट. म्हणजे तुमचा रॉड तुटण्याआधी वाकणार, आणि तोही ८००० ला नाही तर अडीच-तीन हजारावर टॉप गियरमध्ये पाय दाबलात की. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएमला स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायचा प्रकार होतो, त्यात तर एका झटक्यात रॉड वाकतो. वाकलेला रॉड लगेच आवाज करेलच असं नाही, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी दिसतं, आणि उघडल्यावर बिग एन्डमधल्या बेअरिंगची दोन अर्धगोल शेल बघा, वरच्या शेलची एका बाजूची कड आणि खालच्या शेलची विरुद्ध बाजूची कड घासून चकचकीत झालेली असते, मधला भाग जवळपास कोरा.

म्हणून टायटॅनियम सोडून द्या. वाईट आहे म्हणून नाही. होंडा एनएसएक्सने १९९० मध्ये प्रॉडक्शन गाडीत दिले, २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ च्या ७ लिटर एलएस७ मध्येही आहेत, पण दोन्ही बिनटर्बो, आरपीएमवर जगणारी इंजिनं, तिथे प्रत्येक ग्रॅमचा हिशोब लागतो. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्याहून थोडं जास्त वजनाचं, पण ताठपणाही तितकाच कमी, त्यामुळे त्याच मापाचा बिग एन्ड ठेवलात तर भाराखाली जास्त अंडाकृती होतो. शिवाय क्रँकच्या बाजूला घासला की चिकटून ओरबाडतो म्हणून कोटिंग लागतं, आणि एखादा ओरखडा पडला तर तडा तिथूनच. अ‍ॅल्युमिनियमचे रॉड ड्रॅगवाल्यांचे, ते झटका पचवतात पण लवकर थकतात, ठराविक रननंतर बदलावेच लागतात. रस्त्यावरच्या गाडीत नकोच.

तुमच्यासाठी ४३४० ग्रेडचं फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) स्टील, बजेट असेल तर ३००एम हे त्याहून मजबूत स्टील. ४३४० म्हणजे आपल्याकडचं ईएन २४ च जवळपास, त्यामुळे भोसरीत कोणीतरी नक्की म्हणेल "साहेब, स्टीलच्या बारमधून कापून काढून देतो की". मटेरियल बरोबर असेलही हो, पण हीट ट्रीटमेंट कोणी केली, क्रॅक टेस्ट केली का, शॉट पीनिंग (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग घट्ट करणं) झालं का, बोल्टच्या डोक्याखालचा कोपरा किती गोल ठेवलाय, याचं उत्तर कागदावर मिळत नसेल तर सोडा. रॉडच्या दांड्याचा छेद इंग्रजी एच सारखा (एच-बीम) की आय सारखा (आय-बीम) यावर लोक रात्ररात्र भांडतात, मला विचाराल तर टर्बोला जाड आय-बीम बरा कारण दाबाखाली लवकर वाकत नाही, पण चांगल्या कंपनीचा एच-बीम फालतू आय-बीमपेक्षा कधीही चांगला.

वजन कमी करायचंच असेल तर पिस्टन आणि गजन पिनमध्ये करा. रॉडच्या १०० ग्रॅममधले साधारण एक तृतीयांशच वरखाली होतात, बाकीचे क्रँकबरोबर फिरतात, पण पिनमधून वाचवलेला प्रत्येक ग्रॅम पूर्णच्या पूर्ण मिळतो. फक्त टर्बोला पिनची भिंत फार पातळ करू नका.

बोल्ट एआरपी कंपनीचे एआरपी २००० पुरेसे आहेत. त्यांचेच एल१९ जास्त ताकदीचे आहेत पण ओलाव्याला आणि हाताच्या घामाला घाबरतात, तेल लावूनच ठेवावे लागतात, मुंबई-कोकणच्या हवेत मी तरी देत नाही. आणि कसायचे टॉर्क रेंचवर विसंबून नाही, बोल्ट किती ताणला ते मोजणारं स्ट्रेच गेज लावून. बोल्टच्या दोन्ही टोकांच्या खळग्यांमध्ये गेजचे टोक बसवायचे, काटा शून्यावर, बोल्टबरोबर आलेलंच ल्युब्रिकंट लावायचं, आणि कंपनीने दिलेल्या लांबीपर्यंत ताणायचा. सोडल्यावर मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमी जरी जास्त राहिला तर तो बोल्ट भंगारात, महाग असला तरी. जुन्या रॉडला नुसते नवे बोल्ट टाकून "स्ट्राँग" केलं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, बोल्ट बदलला की बिग एन्डचा गोलपणा बदलतो, परत मोजून होन करावाच (आतून घासून गोल करावाच) लागतो, आणि आजकालच्या बहुतेक फॅक्टरी रॉडची कॅप तडकवून वेगळी केलेली असते त्यामुळे कॅप घासून माप काढायची सोयही नसते.

नवे आले तरी बॉक्समधून थेट बसवू नका. चारही रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी वजन करून ग्रॅमभरात जुळतात का बघा, बिग एन्ड बोल्ट पूर्ण कसून बोअर गेजने मोजा, बेअरिंग क्लिअरन्स (बेअरिंग आणि क्रँकमधली फट) जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो त्याच्या, व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे ४८ मिमीला ०.०५ मिमीच्या जवळ. आणि ट्यूनरला सांगून ठेवा की साडेतीन हजाराच्या खाली पूर्ण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) द्यायचा नाही.

ऑर्डर द्यायच्या आधी पिनचा व्यास मोजून कमेंटमध्ये टाका, याच घराण्यातल्या इंजिनांमध्ये तो वेगवेगळा असतो आणि चुकीचा सेट आला की परत पाठवण्यात महिना जातो.