चालू घडामोडींचा बॅकलॉग आणि कालव्याचे पाणी

‘चालू घडामोडी किती वाचायच्या आणि कुठे थांबायचे?’ स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा दुसरा कोणताच ऐकलेला नाही. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटचे पान असते, राज्यघटनेची कलमे मोजता येतात. घडामोडी मात्र रात्री दिवा मालवल्यानंतरही घडत राहतात, आणि सकाळी उठल्यावर आपण पुन्हा एक दिवसाने मागे पडलो आहोत ही जाणीव उशाशी बसलेली असते. या प्रश्नाला तासांच्या आणि पानांच्या आकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एका मुलाची हकिगत सांगणे मला अधिक योग्य वाटते. त्याची ओळख पटणार नाही इतके तपशील मी बदलले आहेत.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. वय पंचवीस, गाव परभणी जिल्ह्यातील मानवत तालुक्यात, घरी चार एकर जमीन. छत्रपती संभाजीनगरमध्ये एका अभ्यासिकेत तो तीन वर्षांपासून बसत होता. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा थोड्या गुणांनी हुकली होती, झोप लागत नव्हती आणि पुस्तक उघडले की छातीत धडधड सुरू होत होती. त्याचे पहिलेच वाक्य होते, “मॅडम, माझा चालू घडामोडींचा सात महिन्यांचा बॅकलॉग आहे.”

मी त्याला दिवसाचे वेळापत्रक लिहून द्यायला सांगितले. सकाळी दोन वर्तमानपत्रे, त्यानंतर टेलिग्रामवरील दहा-बारा चॅनेल, दुपारी वेगवेगळ्या क्लासच्या चार मासिक पुस्तिकांपैकी एखादी, संध्याकाळी यूट्यूबवर बातम्यांचे विश्लेषण आणि रात्री त्याच विषयावरची सराव चाचणी. हे सगळे मिळून सहा तासांच्या वर जात होते. चारपैकी एकही पुस्तिका पूर्ण झालेली नव्हती, आणि ‘बॅकलॉग’ म्हणजे तेच होते. अभ्यासिकेतील कुणी पास झाले की त्याने काय वाचले याची चौकशी व्हायची, चॅनेलच्या यादीत आणखी एकाची भर पडायची आणि दोन-तीन दिवस बरे वाटायचे. वाचन हे त्याच्यासाठी हळूहळू भीती शमवण्याचे औषध झाले होते, आणि त्या औषधाचा असर दिवसेंदिवस कमी होत चालला होता.

पहिल्याच भेटीत त्याने एक शंका काढली. त्या सप्टेंबरमध्ये संसदेने महिला आरक्षणाचा कायदा मंजूर केला होता. त्याच्या एका पुस्तिकेत १२८ वी घटनादुरुस्ती असे छापले होते, दुसरीत १०६ वी. खरे कोणते, हे ठरवण्यासाठी त्याने एक अख्खी दुपार बाकीच्या टिपणांशी ताळा करण्यात घालवली होती आणि शेवटी दोन्ही आकडे लाल शाईने लिहून ठेवले होते. वास्तविक दोन्ही पुस्तिका बरोबर होत्या. संसदेत मांडलेले विधेयक १२८ वे होते. विधेयकांचे क्रमांक मांडणीच्या क्रमाने पडतात आणि त्यांतली सगळी मंजूर होत नाहीत, म्हणून कायदा झाल्यावर त्याचा क्रमांक १०६ वा आला. घटनादुरुस्ती कशी होते हे प्रकरण नीट वाचलेल्या विद्यार्थ्याला ही शंका एका मिनिटाच्या वर अडवत नाही. मी त्याला विचारले की हे आरक्षण लगेच लागू होणार आहे का. जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना यांच्याशी ते जोडलेले आहे, हा मुद्दा त्याने चार ठिकाणी वाचला होता, पण आकड्यांच्या गोंधळात तो मनात उतरलाच नव्हता. त्याची चुलती ग्रामपंचायतीची सदस्य होती. राज्यात पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत, आणि नव्या कायद्याने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा मिळणार आहेत, ही तुलना त्याच्या घरातच उभी होती.

दुसऱ्या भेटीला मी त्याला पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका घेऊन बोलावले. ज्या प्रश्नांना तो ‘चालू’ म्हणत होता, त्यांवर त्याने खूण केली. असे अठरा प्रश्न निघाले आणि त्यांतले अकरा चुकले होते. मग एकेक प्रश्न आम्ही उकलून पाहिला. पाच प्रश्नांतील माहिती त्याने आधी वाचलेली होती, पण दोन पर्यायांत अडकून त्याने चुकीचा निवडला होता. चार प्रश्न बातमीच्या वेशातले पर्यावरणाचे आणि अर्थशास्त्राचे मूलभूत प्रश्न होते. अजिबात न वाचलेले म्हणावेत असे केवळ दोन प्रश्न उरले. उलट भूगोल आणि अर्थव्यवस्थेचे सात सरळ प्रश्न त्याने सोडून दिले होते, कारण त्या विषयांच्या उजळणीला वेळच मिळाला नव्हता. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न २०० गुणांसाठी असतात आणि चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण कापले जातात. अर्धवट वाचलेल्या दहा पुस्तिका अशा ठिकाणी मदत करण्याऐवजी हात धरून चुकीच्या पर्यायाकडे नेतात. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मला वाटते, त्याच्या मनातील भीतीला पहिली चीर तिथे पडली. ‘घाबरू नको’ हे मी त्याला एकदाही म्हटले नव्हते. घाबरलेल्या मुलाला त्याचीच प्रश्नपत्रिका दाखवावी, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

निघता निघता तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, परवा अण्णांचा फोन आला होता. ‘वरून पाणी सोडायलेत म्हणे, आपल्या कालव्याला येतंय का नाही रे? तू तर शिकायलास तिकडं,’ असं विचारायले होते. मला सांगता आलं नाही. जी-२० मध्ये आफ्रिकन युनियन कायम सदस्य झाली, चांद्रयान-३ तेवीस ऑगस्टला उतरलं, हे सगळं पाठ आहे मला. घरच्या पाण्याचं काही माहीत नाही.” हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. परीक्षा हुकल्यापेक्षा ही लाज त्याला अधिक आतून पोखरत होती, आणि तीन वर्षे घरातून पैसे येत असताना वडिलांच्या एका साध्या प्रश्नापुढे मुके व्हावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील कोणत्याही घराला सांगावे लागत नाही.

मी त्याला एका आठवड्यासाठी एकच काम दिले. चॅनेल बंद, पुस्तिका बंद. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, आणि शोधताना अभ्यासक्रमातील जे जे प्रकरण लागेल ते उघडायचे.

पुढच्या भेटीत तो वहीची नऊ पाने भरून घेऊन आला. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस कमी झाला होता आणि त्याच्या गावच्या कालव्याला पाणी देणाऱ्या जायकवाडी धरणाचा साठा निम्म्याच्या आसपासच होता. गोदावरीवरील धरणांतील पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून तूट भरून द्यायची, असे तेव्हा ठरलेले होते. त्याप्रमाणे ऑक्टोबरअखेर सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे त्याने पहिल्यांदाच स्वतः मोजून पाहिले. पाणीवाटपाचा वाद म्हणून तो आधी अनुच्छेद २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याकडे गेला, कारण तेवढेच पाठ होते. मग त्याच्या लक्षात आले की हा वाद एकाच राज्यातील दोन विभागांचा आहे, त्याला ते अनुच्छेद लागू होत नाही, आणि इथे राज्याचा २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आणि त्यातील समन्यायी वाटपाची तरतूद कामाला येते. पाणी हा राज्यसूचीतील १७ व्या क्रमांकाचा विषय आणि आंतरराज्य नद्या संघसूचीतील ५६ व्या, हा फरक त्याला आता समजला होता. नकाशावर गोदावरी काढताना दारणा आणि गंगापूरचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून पुढे येते हे त्याला दिसले, आणि २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरलेली पाणथळ जागा तीच, हे त्याने अधोरेखित केले होते. एका बातमीतून राज्यघटना, भूगोल, पर्यावरण आणि कृषी अशी चार प्रकरणे उघडली होती, आणि ती तो वहीत न बघता सांगत होता.

त्या दिवशी आम्ही ‘बॅकलॉग’ या त्याच्या शब्दावरही बोललो. मराठी वर्तमानपत्रांत त्यासाठी अनुशेष हा शब्द आहे आणि मराठवाड्यात तो लहानपणापासून कानावर पडतो. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने १६ सप्टेंबर २०२३ ला राज्य मंत्रिमंडळाची बैठक याच शहरात झाली, त्याच्या अभ्यासिकेपासून फार दूर नाही. त्याने ती बातमी ‘स्थानिक’ म्हणून ओलांडली होती. वास्तविक तिच्यामागे दांडेकर समितीने मोजलेला विभागांच्या विकासाचा अनुशेष, अनुच्छेद ३७१ मधील विकास मंडळांची तरतूद, १९९४ मध्ये स्थापन झालेली मंडळे आणि ३० एप्रिल २०२० ला संपलेली त्यांची मुदत, अशी मोठी साखळी आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार हे तेव्हा जाहीर झालेले होते, आणि अशा परीक्षेत प्रादेशिक असमतोलावर लिहिताना मराठवाड्यातील मुलाकडे जे असते ते कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर वेळापत्रक ठरवणे सोपे गेले. एक वर्तमानपत्र, तासाभराच्या आत. एकच मासिक पुस्तिका, कोणती हे महत्त्वाचे नाही, पण ती महिन्याअखेर संपवायची. ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’ यांतले अभ्यासक्रमाला लागणारे लेख. मात्र एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली नाही. राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा, आणि विशेषतः संयुक्त परीक्षा, पुरस्कार, नेमणुका, खेळ आणि निर्देशांक यांवर सरळ प्रश्नही विचारते, त्यामुळे नुसती समज पुरेशी आहे असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. त्यासाठी एक वेगळी पातळ वही ठेवायची, रोज चार-पाच ओळींच्या वर लिहायचे नाही, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ती तीन-चार वेळा वाचायची. केंद्राच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने या वहीपेक्षा बातमीमागच्या संकल्पनेला जास्त वेळ द्यावा. चॅनेल सोडताना त्याचा हात अडखळत होता, म्हणून सगळी एकदम न सोडता दर रविवारी दोन सोडायची असे ठरले. धडधड दोन आठवड्यांत कमी झाली. झोपेला आणखी महिना लागला, आणि त्यासाठी मी त्याला डॉक्टरांकडेही पाठवले.

डिसेंबरात तो भेटला तेव्हा मी अण्णांबद्दल विचारले. त्याने फोन करून सगळे सांगितले होते: आदेश किती पाण्याचा आहे, वाटेत किती मुरते, धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा असतो, संभाजीनगर आणि जालना दोन्ही शहरे त्याच धरणावर आहेत, आणि म्हणून डाव्या कालव्याला रब्बीची आवर्तने पूर्ण मिळतीलच अशी खात्री धरू नये. अण्णा मधे काही बोलले नाहीत. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाले, “मग गहू नको. हरभराच पेरतो.”