सासरची पहिली पंगत

प्रश्न : मी ठाण्यात वाढले आणि जन्मापासून शाकाहारी आहे. नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह झाल्यावर कोल्हापुरात, शिवाजी पेठेतील सासरी प्रथमच गेले. माणसे मायाळू आहेत. पण मोठमोठ्याने बोलणे, पगारापासून ‘पाळणा कधी?’पर्यंतचे थेट प्रश्न आणि डोक्यावर पदर घेण्याची अपेक्षा या सगळ्याने मी गांगरून गेले. ‘नुसता पांढरा रस्सा तरी घे,’ हा जाऊबाईंचा आग्रह मोडला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. पती त्या वेळी तालमीतल्या मित्रांकडे गेले होते. दिवाळीला पुन्हा जायचे आहे. मी किती जुळवून घ्यावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तालमीची आहे. पेठेतल्या मुलाला तालीम दुसऱ्या घरासारखी असते, हे मान्य. तरीही पत्नीला प्रथमच घरी नेताना तिचे खाणेपिणे घरच्यांना आधी सांगणे आणि त्या पंगतीत तिच्याजवळ असणे, हे त्यांचेच काम होते. पाहुण्यांसाठी मटण करायचे म्हणजे खोबरे, तीळ, खसखस वाटण्यापासून राबणे आले. त्यामुळे तुमचा नकार सासूबाईंना आपल्या हातच्या जेवणाला दिलेला नकार वाटला असणार. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असला, तरी तो मटणाच्या अळणी रश्शातच होतो. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात ते योग्यच केलेत.

राजर्षी शाहू महाराजांनी याच संस्थानात १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहांना कायद्याने मान्यता दिली. पण स्वयंपाकघरातील प्रश्न कायद्याने सुटत नाहीत. पतींनी दिवाळीपूर्वीच आईंना फोन करून तुमच्या शाकाहाराविषयी स्पष्ट सांगावे. श्रावण पाळणाऱ्या घरांना शाकाहारी स्वयंपाक काही नवा नाही. तुम्ही मात्र सासूबाईंना कांदा-लसूण चटणीचे प्रमाण आवर्जून विचारा. मिरची किती, खोबरे किती, ती डंकावर कधी कांडून आणायची, हे सांगताना त्या मोकळ्या होतील, असे मला मनापासून वाटते. पूजेपुरता पदर घ्यावासा वाटला तर घ्या, मात्र धाकाने घेऊ नका. पाळण्याच्या प्रश्नाला उत्तर पतींनी द्यावे.

ते हा फोन टाळत राहिले, तर दिवाळीचे जाणे पुढे ढकला आणि त्याचे कारण त्यांनाच आईंना सांगू द्या.