घरातल्या भांडणांमुळे मुलगा नैराश्यात जातो का?

ताई, तुमचा प्रश्न असा: खानापूरकडच्या मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) झालेला तुमचा 16 वर्षांचा मुलगा बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. महिनाभर चिडतो, नीट जेवत नाही, आणि परवा म्हणाला, "मी नसलो तर तुमचा ताप तरी कमी होईल." घरात वाटणीवरून रोज वाद. त्यामुळेच हे झालं का?

एकट्या भांडणांनी होत नाही, पण त्यांचा हातभार मोठा असतो. मराठीतून एकदम इंग्रजीत शिकायचं, बसच्या वेळेपायी झोप अर्धवट, त्यात घरी आलं की आरडाओरडा. सगळ्यात वाईट म्हणजे पोराला मध्ये ओढणं: "तूच सांग, बाबा बरोबर की काका?" हे आजपासून बंद करा. चुलतभावाच्या मार्कांशी तुलनाही नको. आणि तुम्हाला किंवा त्याच्या बाबांना स्वतःला उदास वाटत असेल, तर तुमचेही उपचार करून घ्या. आईबापाचं नैराश्य ओसरलं की मुलातही फरक पडतो.

या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्याला "वयात आलाय" म्हणून सोडू नये.

पण त्याचं ते वाक्य आधी बघा, आजच. एकटा असताना, शेजारी बसून सरळ विचारा: "तुला मरावंसं वाटतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा समज खोटा आहे, उलट मुलांना सुटल्यासारखं वाटतं. "हो" म्हणाला तर रडू नका, शपथ घालू नका, "आमच्यासाठी तरी" म्हणू नका. "बरं झालं सांगितलंस, आपण मिळून बघू" एवढं पुरे. काही ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्या. धारवाडची डिमहान्स ही खास मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे, पण निकडीच्या वेळी जवळचं रुग्णालय आधी. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

घरात काय ठेवलंय तेही बघा. आपल्याकडे फवारणीचं औषध गोठ्यात नाहीतर माळ्यावर उघडंच असतं. उरलेलं औषध घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला; खुंटीवर नको. त्याहून बरं म्हणजे लागेल तेवढंच आणायचं. आजोबांच्या गोळ्याही आठवड्यापुरत्याच बाहेर ठेवा. मरणाची ती तीव्र इच्छा बहुधा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. त्याच्याशी बोलून झालं तरी हे काम टाळू नका.

"पोलीस केस होईल" म्हणून लोक दवाखाना टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या आपल्या ताब्यात ठेवून रोज हातात द्या. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवा. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. बरं वाटल्यावरही बहुधा सहा महिने तरी चालवाव्या लागतात.

वाटणीचा वाद एका दिवसात मिटणार नाही. तोवर तो बोलायचाच असेल तर शेतावर बोला. मुलगा घरी असताना नाही, आणि जेवायच्या वेळी तर अजिबात नाही.