टर्बो सीमध्ये इंट २ बाइट, घरी ४ बाइट: खरं कोणतं?

दोन्ही खरी. लॅबमधल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) साइझऑफ(इंट), म्हणजे पूर्णांकाच्या इंट या प्रकाराला लागणारे बाइट, २ येतं, घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर ४, मग परीक्षेत काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी कंपायलरचं नाव लिहा, मग आकडा.

सीच्या मानकात इंटचं एकच माप ठरवलेलं नाही. इंट किमान १६ बिट, लाँग (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) किमान ३२, एवढीच अट. पुढे ज्या प्रोसेसरसाठी कोड काढायचा, त्याला झेपेल तो आकार कंपायलर घेतो. टर्बो सी १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरला धरून चालतो. त्याची रजिस्टरं (आकडे ठेवायच्या आतल्या जागा) १६ बिटांची, म्हणून इंट २ बाइट. लॅबमधला पीसी कितीही नवा असो, डॉसबॉक्समधल्या (जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम) त्या कंपायलरला फरक पडत नाही.

८-बिट चिपवरही इंट १ बाइटचा करता येत नाही, किमान १६ ची अट आडवी येते. मग ८०५१ सारखी चिप साधी बेरीजही दोनदा करते: आधी खालचे बाइट, मग हातचा धरून वरचे. शाळेत शिकलो तशीच.

हे मला नीट कळलं ते घरच्या कूलरमुळे. नागपूरचा मे महिना, खस सतत ओली हवी, म्हणून आर्दुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर पंप लावला: ३० सेकंद चालू, ६० सेकंद बंद. पंप एकदा चालला, बंद झाला, तो पुन्हा सुरूच होईना. दुपारपर्यंत खस कोरडी ठण्ण. दोन तास मी रिले आणि वायरी तपासत बसलो, चूक होती डिले(६० * १०००) मध्ये; डिले म्हणजे कंसातले तेवढे मिलिसेकंद थांब. उनोवर इंट २ बाइटचा, कमाल ३२७६७. आधीचे ३०००० त्यात मावले, ६०००० मावले नाहीत, उत्तर आलं -५५३६. डिले घेतो अनसाइन्ड लाँग, म्हणजे उणे आकडा न ठेवणारा लाँग, त्यात त्या उणे आकड्याचे झाले ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. म्हणजे जवळजवळ ५० दिवस!

६० ला शेवटी यूएल (अनसाइन्ड लाँगची खूण) जोडून ६०यूएल केलं आणि पंप सुरू झाला. उत्तर ठेवायचं व्हेरिएबल नुसतं मोठं करून भागत नाही, कारण गुणाकार आधीच इंटमध्ये होऊन गेलेला असतो. नेमके बिट हवे असतील तिथे सी९९ (सीचं १९९९ चं मानक) पासून मिळणारा, नेमका ३२ बिटांचा इंट३२_टी वापरा. लाँगवर विसंबू नका: ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइट, ६४-बिट विंडोजवर ४. घरी आणि मित्राकडे साइझऑफ(लाँग) छापून बघा.