प्रश्न तुमचे, उत्तर रेंजवरून: छर्रे खाली का उतरतात?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. बालेवाडीला १० मीटर एअर रायफलचा सराव करते. रायफल वापरलेली घेतली आहे. पहिले तीस-पस्तीस शॉट छान बसतात, मग छर्रे हळूहळू खाली उतरतात. दर वेळी साइटचे क्लिक फिरवून वेळ भागवतो. अमेरिकेतला माझा भाऊ घरीच काडतुसं भरतो. त्याचंही असंच झालं होतं, दारू मोजायचं यंत्र कमी दारू टाकत होतं. आमच्या रायफलीत काय बघायचं? आणि पुढे मुलगी पॉइंट टू टूवर, म्हणजे .२२ काडतुसाच्या रायफलीवर गेली, तर काडतुसं घरी भरता येतील का?
— एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, साइटला हात लावणं आधी थांबवा. नेम बरोबर आहे, वेग पडतोय.

तुमच्या भावाने खूण बरोबर सांगितली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीत मी अठ्ठावीस वर्षं काढली. दारू कमी पडली की वेग कमी आणि गोळी खाली, हे रोज पाहिलं. तुमच्या रायफलीत दारूचं काम दाबाखालची हवा करते. वेग सेकंदाला १७० मीटरवरून १५० वर आला, तर १० मीटरवर छर्रा पाचेक मिलीमीटर खाली लागतो. म्हणजे लक्ष्यावरच्या दोन रिंगा गेल्या. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलीमीटरचा, त्यामुळे पोरीला वाटतं आपलाच हात ढळला. तिला आजच सांगा, तिचं काही चुकत नाही.

पहिल्या शॉटला हवेच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा किती आणि छर्रे उतरू लागतात तेव्हा किती, हे लिहून ठेवा. २०० बारचा भरलेला सिलिंडर पस्तीस शॉटांत संपत नाही. काटा झपाट्याने उतरत असेल, तर सिलिंडर अर्धवट भरला जातोय किंवा गळतोय. रात्री आकडा लिहा, सकाळी पुन्हा बघा. जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात.

काटा ठीक आणि वेग तरी पडतोय, तर दोष रेग्युलेटरचा, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा. तो घरी उघडू नका. मागच्या पावसाळ्यात एका मुलाची रायफल माझ्याकडे आली, आत गंज चढला होता. हातपंपाने आपली जुलैची दमट हवा भरत होते, पंपाला ओलावा शोषणारा फिल्टरच नव्हता. फिल्टर हवाच. ऑक्सिजन मात्र कधीही भरू नका. तेल-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. आणि रायफल वापरलेली आहे, तेव्हा सिलिंडरवरची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. ती उलटली असेल, तर सिलिंडर बदला, इथे काटकसर करू नका.

छर्रे ओळीने न उतरता कधी वर, कधी खाली लागत असतील, तर छर्रा बसतो तिथली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बघा. टिश्यूची पट्टी जोडाजवळ धरून शॉट मारा. फडफडली तर हवा तिथून जाते.

काडतुसांचं म्हणाल, तर पॉइंट टू टूचा पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेच्या घडीत असतो, त्यामुळे वापरलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. आणि आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. भावाला तिकडे चालतं ते इथे चालणार नाही.

रेंजवर कुणाचा क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, मिळाला, तर पहिल्या दहा आणि चाळिसाव्या शॉटापासूनच्या दहा शॉटांचा वेग लिहून मला पाठवा. सोबत काट्याचे आकडेही.